खांद्यातली वेणी

पंगतीत बसले की माझ्या वाट्याला ओरडा ठरलेला असायचा. "कोपर खाली घे गं, शेजारणीच्या पानात जातंय." आजी म्हणायची, आत्या म्हणायची, लग्नानंतर सासूबाईही म्हणाल्या. घास तोंडाशी नेताना माझं उजवं कोपर आपोआप खांद्याइतकं वर जातं. ते खाली ठेवलं तर घास तोंडापर्यंत पोचतच नाही. लिहिते मी डाव्या हाताने. पण जेवायचं उजव्यानेच, हा घरचा नियम, आणि नियमापुढे कोपराचं कोण ऐकणार?

वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी एका वैद्यकीय लेखात मी एक छायाचित्र पाहिलं. लहान मुलगी, हात तोंडाशी, कोपर उंच. खाली लिहिलं होतं, 'ट्रम्पेट साइन'. तुतारी फुंकणाऱ्याचा हात असा दिसतो, म्हणून ते नाव. वाचनालयातल्या संगणकावर मी तो लेख वाचत होते. बाहेरच्या टेबलाशी दोन आजोबा राशिभविष्याच्या पानावरून वाद घालत होते. घरात चाळीस वर्षं जिला 'वाईट खोड' म्हटलं गेलं, तिला नाव होतं, कारण होतं आणि, पुढची पानं उलटल्यावर कळलं, वेळेत गाठलं तर काही उपायही होता. माझी वेळ मात्र १९६९ सालीच टळून गेली होती.

मी डॉक्टर नाही. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला शिक्षण सुटलं ते सुटलंच. तालुक्याच्या वाचनालयात पुस्तकं देता-घेता जे वाचलं तेवढंच माझं शिक्षण. इंग्रजी शब्दकोश मांडीवर घेऊन गेली दहा-अकरा वर्षं या एकाच दुखापतीबद्दल मिळेल ते वाचते आहे. काही डॉक्टरांनी न कंटाळता माझ्या शंका फेडल्या, काहींनी "बाई, तुम्हाला हे कशाला?" असं विचारलं. दोघांचेही आभार.

माझा जन्म आजोळी, सुईणीच्या हातून झाला. मी नऊ पौंडांची होते असं सांगतात. डोकं बाहेर आलं आणि खांदा अडला. सुईणीने जे करायचं ते केलं. तिने ते केलं नसतं तर हा लेख लिहायला मी नसते, म्हणून तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. तिसऱ्या दिवशी तेल लावताना आजीच्या लक्षात आलं की बाळ उजवा हात हलवत नाही. मग कारणाचा शोध सुरू झाला आणि तो आईपाशी येऊन थांबला. गरोदरपणात एक ग्रहण लागलं होतं, त्या वेळी ती विळीवर भाजी चिरत होती, असं कुणाला तरी आठवलं. आईने ते मान्य केलं. एकोणीस-वीस वर्षांची पोर, तिने काय करावं? पुढची पन्नास वर्षं तिने ते मनात धरून ठेवलं.

खरं कारण विळीत नव्हतं. मानेच्या मणक्यांमधून दोन्ही बाजूंना मज्जातंतू बाहेर पडतात. त्यांतले मानेचे खालचे चार, म्हणजे पाचवा ते आठवा, आणि छातीचा पहिला, असे पाच एकत्र येतात, फुटतात, पुन्हा जुळतात, आणि गळ्याखालच्या आडव्या हाडामागून काखेत उतरून सगळ्या हाताला पुरतात. या जाळ्याला इंग्रजीत 'ब्रेकियल प्लेक्सस' म्हणतात, आपल्या परिभाषाकोशकारांच्या मराठीत 'बाहुजालिका'. प्लेक्सस हा शब्द लॅटिनमधला आहे आणि त्याचा मूळ अर्थ गुंफलेली, विणलेली वस्तू, म्हणजे वेणीच. हे वाचलं तेव्हा मी जरा थांबले. उजवा हात डोक्यामागे जात नसल्यामुळे मला स्वतःची वेणी कधीच घालता आली नाही. आधी आई घालायची, मग धाकटी बहीण, आणि पुढे मी केसच कापून टाकले.

पाच पदरांची कामं ढोबळमानाने वाटून दिलेली आहेत. वरचे दोन खांदा उचलतात, हात बाहेरच्या अंगाला वळवतात आणि कोपर दुमडतात. मधला कोपर आणि मनगट ताठ करायला मदत करतो. खालचे दोन बोटांचे, मुठीचे. बाळाचं डोकं बाहेर आणि खांदा आईच्या ओटीपोटाच्या हाडामागे अडकलेला, अशा वेळी मान आणि खांदा यांमधलं अंतर ताणलं जातं आणि वेणीवर ओढ बसते. पहिला भार वरच्या पदरांवर येतो, म्हणून बहुतेक मुलांचा खांदा आणि कोपर जातं, बोटं शाबूत राहतात. माझं तसंच झालं. असा हात अंगालगत लोंबतो, आत वळलेला, तळवा मागे. पाठ्यपुस्तकं त्याला गुपचूप बक्षिशी घेणाऱ्या वेटरच्या हाताची उपमा देतात. आमच्या गावात वेटर नव्हते, पण टेबलाखालून हात पुढे करणारे कारकून होते, त्यामुळे मला उपमा लगेच समजली. ओढ फारच जबर असली तर पाचही पदर जातात आणि खांद्यापासून बोटांपर्यंत हात निर्जीव होतो.

हजारात एक ते दोन बाळांना ही इजा होते. बाळ मोठं असणं, आईला मधुमेह असणं, खांदा अडकणं यांनी धोका वाढतो. प्रत्येक वेळी सुईणीचा किंवा डॉक्टरचा हात चुकलेला असतोच असं नाही. खांदा अडकल्याचं ओळखून आईच्या मांड्या पोटाशी घट्ट दुमडल्या तर पुष्कळदा तो सुटतो. इतकी साधी ही युक्ती 'मॅकरॉबर्ट्स' या अमेरिकी डॉक्टरच्या नावाने पाठ्यपुस्तकात आली ती १९८०च्या दशकात.

आपल्याकडे असा लेख सुश्रुतापासून सुरू करायची रीत आहे. सुश्रुतसंहितेत मूढगर्भावर प्रकरण आहे, हे खरं. पण अडलेला गर्भ आणि ताणलेला मज्जातंतू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, म्हणून मी सुरुवात अठराव्या शतकातल्या विल्यम स्मेलीपासून करते. या इंग्लंडमधल्या प्रसूतितज्ज्ञाने जन्मतः दोन्ही हात लुळे पडलेल्या एका बाळाची नोंद केली आहे. ते बाळ काही दिवसांत बरं झालं. त्यानंतर शतकभर कुणी फार खोलात गेलं नाही. १८७२ साली पॅरिसच्या द्युशेनने विजेच्या उपचारांवरच्या आपल्या ग्रंथात अशी चार बाळं वर्णिली आणि प्रसूतीतल्या ओढीशी त्यांचा संबंध जोडला. दोनच वर्षांनी जर्मनीतल्या विल्हेल्म एर्बने मानेच्या कडेला एका ठरावीक बिंदूवर वीज लावून दाखवलं की तिथून नेमके तेच स्नायू हलतात जे या रुग्णांत हलत नाहीत. म्हणजे बिघाड तिथेच, पाचवा आणि सहावा पदर जुळतात त्या ठिकाणी. माझ्या हाताला 'एर्बचा पक्षाघात' म्हणतात ते या गृहस्थांमुळे.

खालच्या पदरांची गोष्ट उलगडली एका विद्यार्थिनीने. ऑगस्टा क्लुम्पके मूळची अमेरिकेतली, सॅन फ्रान्सिस्कोची. पॅरिसच्या रुग्णालयांत स्त्रियांना निवासी डॉक्टर म्हणून घ्यावं की नाही यावर तिथे रण माजलं होतं, त्याच काळात, १८८५ साली, तिने दाखवून दिलं की बोटं लुळी पडून त्याच बाजूची पापणी उतरली आणि बुबुळामधली बाहुली बारीक झाली, तर इजा अगदी खालच्या मुळाशी, मज्जारज्जूच्या लगत झालेली असते. कारण डोळ्याकडे जाणारे काही तंतू छातीच्या पहिल्या मुळातूनच निघतात. हात पाहायचा तर डोळा पाहा, असं हे निदान. दुसऱ्याच वर्षी, मार्च १८८६मध्ये, आपल्या आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात एम.डी. झाल्या, आणि त्यांच्या प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. दोघींची भेट झालेली नाही, दोघींचा विषयही एक नाही. तरी ही दोन सालं शेजारी लिहून ठेवावीत असं मला फार वाटतं.

या दुखापतीचा जगातला सर्वांत प्रसिद्ध रुग्ण मात्र एर्ब-द्युशेनच्या आधीच जन्मला होता. जर्मनीचा कैसर दुसरा विल्हेल्म. २७ जानेवारी १८५९, बर्लिन. आपल्या भाषेत सांगायचं तर पायाळू. आपल्याकडे पायाळू माणसाची लाथ लागली की कंबरेतली चमक जाते म्हणतात. या पायाळूच्या नशिबी मात्र स्वतःचाच डावा हात गेला. आई अठरा वर्षांची, व्हिक्टोरिया राणीची थोरली मुलगी. हात हलत नाही हे लक्षात आल्यावर राजवाड्याने जे उपाय केले ते वाचवत नाहीत. ताज्या मारलेल्या सशाच्या ऊबदार शरीरात बाळाचा हात ठेवायचा, म्हणजे त्या प्राण्याची शक्ती हातात उतरेल. उजवा हात अंगाला बांधून टाकायचा, म्हणजे डावा कामाला लागेल. विजेचे झटके. मान सरळ करायला लोखंडी सांगाडा. काहीही उपयोग झाला नाही. मोठेपणी त्याचा डावा हात सुमारे पंधरा सेंटिमीटर आखूड होता. छायाचित्रांत तो हात तलवारीच्या मुठीवर टेकलेला किंवा हातमोजे धरून लपवलेला दिसतो. मी त्याची अशी पुष्कळ छायाचित्रं पाहिली आणि माझ्या लग्नाचा अल्बम काढून बसले. प्रत्येक फोटोत माझा उजवा हात पदराआड आहे. पहिलं महायुद्ध या आखूड हातामुळे झालं असं सुचवणारे काही लेखक आहेत. मला ते पटत नाही. आखूड हाताची माणसं जगात पुष्कळ आहेत, आणि युद्ध सुरू करणाऱ्यांतल्या बहुतेकांचे हात धडधाकट असतात.

तुटलेली नस शिवावी हा विचार सुचायला विसावं शतक उजाडलं. १९०३ साली ग्लासगोच्या रॉबर्ट केनेडीने ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अशा शस्त्रक्रियेचा वृत्तांत छापला. मान उघडायची, वेणीत जिथे घट्ट वळ पडलेला दिसेल तो कापायचा आणि दोन्ही टोकं जोडायची. न्यूयॉर्कमध्ये आल्फ्रेड टेलरने अशा अनेक शस्त्रक्रिया केल्या. काही मुलांना फायदा झाला, काही दगावली. त्या काळची भूल म्हणजे जीवाशी खेळ. जंतुसंसर्गावर औषध नाही. आणि एवढ्या बारीक नसा नुसत्या डोळ्यांनी, जाड धाग्याने शिवायच्या.

मग १९२५ साल आलं. बॉस्टनच्या जेम्स सेव्हरने ११०० रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला आणि सांगितलं की नसांच्या शस्त्रक्रियेने विशेष काही साधत नाही. व्यायाम द्या, पुढे लागली तर खांद्याच्या स्नायूंची शस्त्रक्रिया करा. अकराशे हा आकडा दरारा बसवणारा आहे. शस्त्रक्रिया जवळजवळ बंद पडली आणि पुढची पन्नास वर्षं बंद राहिली. मी या सेव्हरवर बरेच दिवस चिडून होते. नंतर वाटलं, त्याच्या काळापुरता तो बरोबर असेल. त्याच्या हातात जी साधनं होती त्यांनी खरंच काही साधत नव्हतं. चूक पुढच्यांची. साधनं बदलली, भूल बदलली, प्रतिजैविकं आली, तरी १९२५चा निकाल कुणी पुन्हा तपासला नाही. १९६९ साली मी तीन महिन्यांची होते तेव्हा मला मुंबईला काय, लंडनला नेलं असतं तरी "मालीश करा, होईल बरं" हेच उत्तर मिळालं असतं. हे कळल्यावर आईवडिलांवरचा माझा एक जुना राग निवला. तो राग होता हेही मला तेव्हाच कळलं.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे काळाचं गणित.

मज्जातंतू म्हणजे एक तार नव्हे, हजारो सूक्ष्म तंतूंची मोळी. प्रत्येक तंतू स्वतःच्या नळीतून जातो. १८५० साली ऑगस्टस वॉलर या डॉक्टरने बेडकाच्या जिभेच्या नसा कापून दाखवलं की तोडलेल्या जागेपुढचा भाग झडून जातो, कारण त्याचा जीव मागच्या पेशीत असतो. पण ती मागची पेशी जिवंत असेल तर तंतू पुन्हा पुढे वाढू लागतो. रिकामी नळी सापडली तर तिच्यातून वाट काढत जातो, कोरड्या पाटातून पाणी सरकावं तसा. इजा किती, त्यावर सगळं अवलंबून. नस नुसती ताणली असेल तर काही आठवड्यांत पूर्ववत होते. आतले तंतू तुटले पण नळ्या शाबूत असल्या तर उशिरा का होईना, बरंच परत येतं. नस पूर्ण तुटली तर तंतूंना नळी सापडत नाही आणि तिथे गुंता होऊन गाठ बनते. आणि सर्वांत वाईट म्हणजे नस मज्जारज्जूतून मुळासकट उपटली जाते. उपटलेलं रोप त्याच जागी परत रोवता येत नाही, तशी ही नसही नाही.

तंतू वाढतो दिवसाला साधारण एक मिलिमीटर. मी टेप घेऊन बसले. माझ्या मानेच्या कडेपासून तळहाताच्या मध्यापर्यंत ६८ सेंटिमीटर भरले. म्हणजे ६८० दिवस, जवळजवळ पावणेदोन-दोन वर्षं. तिकडे स्नायू मात्र इतका वेळ थांबत नाही. नसेवाचून राहिलेला स्नायू सुकत जातो आणि साधारण वर्ष-दीड वर्षानंतर तंतू येऊन पोचला तरी त्याला जागं करू शकत नाही. मोटारसायकलच्या अपघातात वेणी तुटलेल्या मोठ्या माणसाच्या तळहातातले बारीक स्नायू म्हणूनच सहसा परत मिळत नाहीत. तिथे सर्जन कोपर आणि खांद्यावरच समाधान मानतात. बाळाचं तसं नाही. तीन महिन्यांच्या बाळाचं हेच अंतर मी मोजलं आहे: २६ सेंटिमीटर. कागदावर नऊ महिने. म्हणजे ज्या शस्त्रक्रियेत मोठ्या माणसाचा पंजा सोडून द्यावा लागतो, त्याच शस्त्रक्रियेत बाळाचा पंजा मिळण्याची आशा धरता येते. मात्र वेळेत.

ते बाळ कुणाचं, ते पुढे सांगते. आधी ही शस्त्रक्रिया पुन्हा सुरू कशी झाली ते.

शस्त्रक्रियेत सूक्ष्मदर्शक प्रथम आणला तो स्वीडनमध्ये कानाच्या डॉक्टरने, १९२१ साली. रक्तवाहिन्या आणि नसा यांच्यासाठी तो सर्रास वापरायला १९६०चं दशक यावं लागलं. केसाहून बारीक नायलॉनचा धागा आला. व्हिएन्नाच्या हानो मिलेसीने एक गोष्ट पटवून दिली: तुटलेली टोकं ओढून जवळ आणू नका, ताणाखाली जोडलेली नस बरी होत नाही. मधल्या फटीत दुसरीकडची नस कलम म्हणून घाला. ही कलमाची नस सहसा पोटरीतून घेतात. ती काढल्यामुळे पावलाच्या बाहेरच्या कडेची थोडी संवेदना जाते, चालण्यात काही फरक पडत नाही. केनेडीला हे तंत्र माहीत असतं तर, असं वाटून जातं.

१९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात पॅरिसच्या आलँ जिल्बेर यांनी या साधनांनिशी बाळांच्या वेण्या पुन्हा उघडायला सुरुवात केली. पण कोणत्या बाळाला उघडायचं? बहुतेक बाळं आपोआप सुधारतात. ज्याची नस नुसती ताणली आहे त्याची मान कापणं हा अपराध ठरेल, आणि ज्याची तुटली आहे त्याला "होईल बरं" म्हणत ठेवणं हाही. उत्तर त्यांचे सहकारी तासँ यांच्या १९८३च्या प्रबंधातून आलं. शस्त्रक्रिया न झालेल्या मुलांच्या नोंदी पाहून त्यांनी दाखवलं की तिसऱ्या महिन्याअखेर ज्या बाळाच्या दंडात बेटकुळी आली नाही, म्हणजे कोपर दुमडणाऱ्या स्नायूची हालचाल दिसली नाही, त्याचा खांदा आणि कोपर पुढे कधीच पूर्ण सुधारत नाहीत. एवढी साधी खूण. यंत्र नको, तपासणी नको. आईला तेल लावताना दिसेल अशी.

सगळे सर्जन या तीन महिन्यांच्या रेषेवर एकमत नाहीत. टोरांटोच्या रुग्णालयात फक्त वरचे पदर गेलेल्या बाळाला नऊ महिन्यांपर्यंत पाहतात. दंड अंगाला लावून धरतात, हातात बिस्किट देतात आणि फार मान न झुकवता बाळ ते तोंडात घालू शकतं का ते बघतात. मला ही परीक्षा फार आवडली. मी अजूनही तिच्यात नापास होते. पण पाचही पदर गेले असतील, बोटं निर्जीव असतील आणि पापणी उतरलेली असेल, तर थांबण्यात अर्थ नाही, तीन महिन्यांच्या सुमारासच उघडावं, याबद्दल फारसा वाद नाही. वाद आणखी एका गोष्टीवर आहे. चिठ्ठ्या टाकून निम्म्या बाळांची शस्त्रक्रिया करायची आणि निम्म्यांची नाही, अशी कसोटी या उपचाराची झालेली नाही. ती करायला कोणती आई तयार होईल? त्यामुळे पुरावा आहे तो सर्जनांच्या मालिकांचा, आणि तो तेवढ्याच सावधपणे वाचायला हवा. दुसऱ्या बाजूला, 'शंभरातली नव्वद मुलं आपोआप बरी होतात' हे वाक्यही तितकंच तपासून घ्यायला हवं. नेदरलँडच्या लेडनमधल्या डॉक्टरांनी २००४ साली जुने अहवाल चाळून दाखवलं की वीस ते तीस टक्के मुलांमध्ये काही ना काही व्यंग राहतं.

आता ते बाळ. २०१८च्या पावसाळ्यात माझ्या भाचीला मुलगा झाला. चार किलोंच्या वर वजन, खांदा अडकलेला, उजवा हात खांद्यापासून बोटांपर्यंत लुळा. ज्या रुग्णालयात जन्म झाला तिथे सांगितलं, वर्षभर मालीश करा, सुधारतो. पंधरा दिवसांनी बहिणीने मोबाइलवर फोटो पाठवला. मी फोटो मोठा केला. बाळाचा उजवा डोळा डाव्यापेक्षा लहान दिसत होता. बहिणीला फोन केला तर म्हणाली, "झोपेत आहे गं, म्हणून." मी म्हटलं, जागा झाला की पुन्हा काढ. जागेपणीही पापणी तशीच होती. एकशेतेहतीस वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीने लिहून ठेवलेली खूण माझ्या हातातल्या काचेवर मला दिसत होती.

घरात भांडण झालं. भाचीच्या सासरचे म्हणाले, एवढ्याशा जिवाची मान कापायची? माझ्याकडे बघून कुणीतरी असंही म्हणालं, की यांचंही तसंच होतं, काय अडलं यांचं? मी काही बोलले नाही. उठून सगळ्यांसमोर उजवा हात वर करायचा प्रयत्न केला, तो छातीच्या वर गेला नाही, आणि मी खाली बसले. आठवड्याने ते मुंबईला गेले. भारतात हे काम करणारे सर्जन मोजके आहेत, पण आहेत. मुंबईचे डॉ. मुकुंद थत्ते यांनी एका सहलेखकासह या विषयावर २०११ साली भारतीय प्लॅस्टिक सर्जरीच्या नियतकालिकात लिहिलेला लेख मी तोवर दोनदा वाचला होता, त्याची प्रत भाचीच्या पिशवीत घातली.

साडेतीन महिन्यांचा असताना शस्त्रक्रिया झाली. सकाळी आत नेलं, बाहेर आणलं तेव्हा दिवेलागण झाली होती. सर्जनने नंतर कागदावर आकृती काढून समजावलं. वरचे दोन पदर तुटलेले, पण त्यांची मानेकडची टोकं जिवंत. खालचे दोन मुळासकट उपटलेले. म्हणजे पाच पदरांचं काम आणि हाताशी पुरते दोनच बुंधे. अशा वेळी आधी काय द्यायचं? मला वाटलं होतं, खांदा. वरून सुरुवात करावी ना? पण बाळांच्या बाबतीत पहिला मान पंजाचा. खांद्याला उसनी नस देता येते, उदाहरणार्थ खांदे उडवणारी. कोपराला बरगड्यांमधल्या नसा देता येतात. मुठीला अशी सोयीची उसनवारी नाही, आणि मूठ नसलेला हात कितीही वर गेला तरी धरणार काय? म्हणून एका जिवंत बुंध्यातून पोटरीच्या नसेची कलमं थेट खालच्या पदरात घातली. कोपराला बरगड्यांमधल्या तीन नसा जोडल्या. नंतर तीन आठवडे मान आणि हात हलू नयेत म्हणून प्लॅस्टरचा सांगाडा. तो पाहून मला कैसर आठवला, आणि लाज वाटली, कारण हा सांगाडा त्याच्यासारखा निरुपयोगी नव्हता.

मग काही नाही. महिनोन्महिने काही नाही. लोकांना वाटतं शस्त्रक्रिया झाली म्हणजे हात हलेल. इथे आत कुठेतरी दिवसाला एक मिलिमीटर काहीतरी सरकतंय, यावर विश्वास ठेवून रोज सांधे हलवत राहायचं, नाहीतर नस पोचेपर्यंत सांधाच आखडतो. दहाव्या महिन्यात तो खोकला आणि कोपर किंचित दुमडलं. भाची घाबरली. मला हसू आलं, कारण हेही वाचलेलं होतं: बरगड्यांची नस कोपराला जोडली की सुरुवातीला श्वासाबरोबर, खोकल्याबरोबर, रडण्याबरोबर कोपर हलतं. मेंदूला अजून कळलेलं नसतं की ही नस आता श्वासाची राहिली नाही. हळूहळू तो शिकतो. लहान मेंदू लवकर शिकतो. मात्र हाताला काम द्यावं लागतं, नाहीतर तो हात आपला आहे हेच मूल विसरून जातं आणि सगळं दुसऱ्या हाताने उरकतं. आम्ही त्याला मोठा चेंडू द्यायचो, एका हाताने न धरता येणारा. बोटं हलली ती दीड वर्षाचा झाल्यावर.

आईला मी हे सगळं समजावलं ते लोकरीच्या पाच धाग्यांनी. तिने धागे हातात घेतले, ओढून पाहिले. बराच वेळ गेल्यावर विचारलं, "म्हणजे हिने, पोरीने, ग्रहणात काही चिरलं नव्हतं?" नाही, म्हटलं. गरोदरपणात ती घरातून काम करायची, स्वयंपाकाला बाई होती. "आणि तरी झालं?" तरी झालं. ती पुढे काही बोलली नाही. धागे तिने शिवणाच्या डब्यात ठेवले. ते अजून तिथेच आहेत.

मुलगा आता शाळेत जातो. हात पूर्ण बरा झालेला नाही आणि होणार नाही. तो डाव्यापेक्षा आखूड आहे. मनगट खाली पडतं, त्याला रात्री पट्टी बांधतात. तळवा वर करता येत नाही, त्यामुळे दुकानदाराने दिलेले सुटे पैसे घेता येत नाहीत. खांदा बाहेर वळत नाही, त्यासाठी स्नायूची जागा बदलायची दुसरी शस्त्रक्रिया येत्या मे महिन्यात करायची आहे. भाचीची तयारी आहे, तिच्या नवऱ्याची अजून नाही. मूठ मात्र मिटते. तिच्यात जोर नाही, पण मिटते आणि उघडते. लिहिताना वही सरकू नये म्हणून तो तिच्यावर उजवा हात ठेवतो. गेल्या दिवाळीत आमच्याकडे आकाशकंदील करायला बसला होता. डाव्या हाताने कागदाला खळ लावत होता आणि उजव्या मुठीत बांबूची कामटी धरली होती. मधेच ती निसटली. त्याने खाली वाकून बघितलं, मूठ उघडली, कामटी पुन्हा तिच्यात बसवली आणि मला म्हणाला, "तू धरू नको. मी धरतो."